आधी पाणी, मग ॲसिड

प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात एक ओळ हमखास असते : ‘ॲसिड अंगावर पडल्यास वाहत्या नळाखाली भरपूर पाण्याने धुवावे.’ ओळ बरोबरच आहे. पण मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांत उन्हाची चाहूल लागली, की तो नळ फिरवल्यावर नुसती हवा येते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मग टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या शाळेने नळावर भरवसा कसा ठेवायचा? इथल्या प्रयोगशाळेचा पहिला नियम हाच हवा : पाणी भरून ठेवल्याशिवाय ॲसिडच्या बाटलीचे बूच काढायचे नाही.

पाणी किती लागते? डोळे धुण्याच्या साधनासाठी मिनिटाला दीड लिटरची धार आणि ती सलग १५ मिनिटे, असे किमान प्रमाण धरतात. म्हणजे साडेबावीस लिटर. लग्नकार्यात येतो तो २० लिटरचा जार एका मुलालाही पुरा पडत नाही. दोन जार, किंवा खाली तोटी बसवलेला ५० लिटरचा झाकणाचा ड्रम, आणि तोटीला हातभर मऊ नळी, एवढी सोय पुरते. ड्रम अशा उंचीवर ठेवावा, की नववीतल्या मुलाचे तोंड नळीखाली सहज येईल. पाणी पिण्यायोग्य असावे आणि दर आठवड्याला, भांडी रिकामी करण्याच्या ‘कोरड्या दिवशी’, बदलावे. गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी यासाठी धरूच नये. एप्रिलच्या दुपारी ते हाताला चटका देते, डोळ्यात कसे सोडणार? ड्रम खोलीतच, सावलीत हवा.

डोळ्यात काही उडाले, की मूल डोळा गच्च मिटून घेते आणि चोळू लागते. अशा वेळी एकट्याने भागत नाही. एकाने मुलाचे डोके दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलते धरावे आणि दोन बोटांनी पापण्या उघड्या ठेवाव्यात. दुसऱ्याने नाकाकडून कानाकडे धार सोडावी. उलट केले तर ॲसिड चांगल्या डोळ्यात उतरते. घड्याळ लावून १५ मिनिटे धुवायचे आणि तेवढ्यात तिसऱ्याने १०८ ला फोन करायचा. तालुक्याचे रुग्णालय २०-२५ किलोमीटरवर असेल तर ‘आधी दवाखान्यात नेऊ’ ही घाईच डोळा घालवते. निघताना बाटलीवरचे नाव आणि तीव्रता कागदावर लिहून सोबत न्यावी.

डोळ्यात किंवा कातडीवर सोडा, लिंबू, हळद, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये. ॲसिड आणि अल्कली एकमेकांना मारतात हे खरे, पण मारताना उष्णता सोडतात आणि भाजल्यावर आणखी भाजते. खाण्याचा सोडा टेबलावर, फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी आहे : कडेकडेने टाकत आत जायचे आणि फेस थांबला की पुसून घ्यायचे.

मुले ॲसिडला भितात, कॉस्टिक सोड्याला, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड या तीव्र अल्कलीला, भीत नाहीत. डोळ्यासाठी खरा घातक तोच. ॲसिडने डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने साकळतात आणि तो थर ॲसिडला थोडाफार अडवतो. कॉस्टिक सोडा पेशींतल्या स्निग्धाचा साबण करत आत उतरत राहतो. बोटांना बुळबुळीत लागते ते यामुळेच. तो साबण आपल्याच कातडीचा असतो. त्यात उकाड्याने हात घामेजलेले. कोरडी पापडी घामात विरघळते आणि चिमटीतच तीव्र द्रावण तयार होते. पापडी चमच्यानेच घ्यावी.

आता संहत सल्फ्युरिक ॲसिड विरल करण्याचे काम. हे विद्यार्थ्यांचे नाही, शिक्षकांचे किंवा प्रयोगशाळा सहायकांचे. ‘पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही’ हे सगळ्यांना पाठ असते; का, ते मात्र क्वचित सांगितले जाते. हे ॲसिड पाण्याच्या १.८४ पट जड असते. त्यात पाणी ओतले तर ते वर तरंगते, सगळी उष्णता त्या पातळ थरात कोंडते, तिथले पाणी क्षणात उकळते आणि उसळताना ॲसिड तोंडावर उडवते. उलट केल्यास जड ॲसिड तळाकडे जाते आणि भोवतालचे सगळे पाणी उष्णता वाटून घेते.

एक लिटर १ मोलर (म्हणजे लिटरमध्ये ९८ ग्रॅम ॲसिड असलेल्या) द्रावणासाठी ९८ टक्क्यांचे सुमारे ५५ मिलिलिटर ॲसिड लागते. उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या मोठ्या चंचुपात्रात ९०० मिलिलिटर पाणी घ्या आणि ते पात्र गार पाण्याच्या घमेल्यात ठेवा. काचेच्या कांडीवरून ॲसिडची बारीक धार सोडा, पाच-सहा हप्त्यांत, प्रत्येक वेळी हलवून. सगळे एकदम ओतले तर द्रावण १८-२० अंशांनी तापते. पाणी २५ अंशांचे असेल तर हे निभावते. टाकीतले ४५ अंशांचे असेल तर पात्र हातात धरवत नाही आणि ते हातातून सुटणे हाच खरा अपघात. म्हणून यासाठी पाणी माठातले किंवा रांजणातले घ्यावे आणि काम सकाळी उरकावे. लोणच्याची बरणी, साधी बाटली किंवा जाड काचेचे मोजपात्र यांत द्रावण करू नये, ते तडकतात. द्रावण पूर्ण निवल्यावरच १ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी घालावे.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या भांडारखोलीत त्याहूनही वर. अमोनियाचे २५ टक्क्यांचे द्रावण सुमारे ३८ अंशांनाच उकळू लागते. म्हणजे सुट्टीभर बंद राहिलेल्या खोलीत ती बाटली दाबाखाली असते आणि जूनमध्ये बूच सैल करताच फवारा उडू शकतो. बाटली आधी अर्धा तास गार पाण्यात उभी ठेवावी. मग संरक्षक चष्मा लावून, खिडकीशी, बुचावर ओले फडके धरून, आपले तोंड दुसरीकडे वळवून, बूच हळूहळू फिरवावे. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड शेजारी ठेवू नये. बाटल्यांवर पांढरी भुकटी साचलेली दिसली, तर त्यांची वाफ बाहेर भेटते आहे असे समजावे.

स्पिरीटच्या दिव्याच्या धोक्याचे कारणही उष्णताच. स्पिरीटची वाफ पेट घ्यायला १५ अंशांच्या आसपासचे तापमान पुरते. आपल्याकडे दिवसा ते बाराही महिने असते. शिवाय स्पिरीटची ज्योत उन्हाच्या कवडशात जवळजवळ दिसत नाही. दिवा विझला असे समजून त्यात स्पिरीट ओतणे हीच आग लागण्याची नेहमीची वाट. दिवा टोपणाने विझवावा, निवू द्यावा, मग दोन तृतीयांश भरावा. एक चतुर्थांशाहून कमी राहिला तर पेटवू नये, कारण रिकाम्या भागात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण साचते. दिव्याने दिवा लावायची आपली रीत देवघरात ठेवावी. इथे कलता दिवा स्पिरीट सांडतो. पंखा बंद, ओढणी मागे गाठ मारून, वेणी बांधलेली. टेबलावर पेटलेच तर ओले पोते टाकावे.

सोडियमपाशी मात्र हे ओले पोते चालत नाही, आणि पाण्याचा पहिला नियमही. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. उन्हाळ्यात रॉकेल उडून पातळी खाली जाते आणि तुकडा उघडा पडतो. सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर बाटली उजेडात धरून पाहावी. प्रयोगाला मुगाच्या दाण्याएवढाच तुकडा घ्यावा आणि शेजारी घमेलेभर वाळू ठेवावी. वाळू उन्हात वाळवलेली हवी, नदीवरून आलेली ओली नको.

आगीपेक्षा जास्त वेळा रक्त काढते ती काचेची नळी. रबरी बुचात ती कोरडीच रेटली की मोडते आणि टोक तळहातात शिरते. नळीला ग्लिसरीन किंवा पाणी लावावे, फडक्यात धरावी, बुचापासून दोन बोटांवरच पकडावी आणि दाबण्याऐवजी फिरवत आत न्यावी. लांबून धरली की ती तरफेसारखी वाकते.

उन्हाळ्यात मुले पाण्याच्या बाटल्या घेऊनच येतात. त्या दाराबाहेर ओळीने ठेवायला लावाव्यात, आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही रसायन भरू नये. विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यासारखेच दिसते. कुणी घोट घेतलाच तर उलटी करायला लावू नये. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. चूळ भरवावी आणि तडक दवाखाना गाठावा.

शेवटी विजेचे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डाही तिच्याबरोबर सुकतो. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे तारा जोडलेल्या असूनही अर्थिंग नावापुरते उरते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. खड्ड्यात फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन घागरी पाणी घालावे. ड्रममधले बदललेले पाणी त्याला चालते; उपकरणे धुतलेले ॲसिडचे पाणी मात्र तिथे ओतू नये, जमिनीतली पट्टी खाऊन जाते.