श्वासासोबत बदलणारे ठोके : मधुमेहातील एका साध्या चाचणीची पार्श्वभूमी

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा दोष सहसा उन्हालाच दिला जातो. अनेकदा तो बरोबरही असतो. मात्र दहा-पंधरा वर्षे मधुमेह असलेल्या यंत्रमाग कामगाराला किंवा विडी वळणाऱ्या बाईला हीच तक्रार वारंवार होत असेल, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांना आपल्या नकळत नियंत्रित करणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंना इजा झाली आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी वापरली जाणारी हृदयगतीच्या चढउतारांची मोजणी, म्हणजेच एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी), आज स्मार्टवॉचमुळे नवी वाटत असली तरी तिचे मूळ बरेच जुने आहे.

श्वास आत घेताना नाडी जलद होते आणि सोडताना मंदावते, हा बदल जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत यंत्राने नोंदवला. विसाव्या शतकाच्या आरंभी डच शास्त्रज्ञ आइंथोवेन यांच्या गॅल्व्हानोमीटरमुळे, म्हणजे सूक्ष्म विद्युतप्रवाह टिपणाऱ्या यंत्रामुळे, हृदयाच्या विद्युत आलेखाची नेमकी नोंद शक्य झाली आणि दोन ठोक्यांमधले अंतर कागदावर मोजता येऊ लागले. या अंतराला रोगनिदानात महत्त्व मिळाले ते प्रसूतिशास्त्रामुळे. गर्भ संकटात असताना ठोक्यांचा सरासरी वेग बदलण्याआधीच ठोक्यांमधल्या अंतरातील चढउतार बिघडतात, असे हॉन आणि ली यांना १९६० च्या दशकात आढळले.

मधुमेहाशी हा धागा जोडला गेला तो १९७३ मध्ये. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील व्हीलर आणि वॉटकिन्स यांनी दाखवून दिले की, स्वायत्त मज्जातंतूंचा विकार असलेल्या मधुमेहींमध्ये श्वासाबरोबर होणारा हा बदल फार कमी होतो किंवा जवळजवळ नाहीसा होतो. त्यामागचे कारण असे की, विश्रांतीच्या वेळी हृदयाचा वेग आवरून धरण्याचे आणि प्रत्येक श्वासागणिक तो कमीजास्त करण्याचे काम मुख्यतः व्हेगस ही नस करते. मधुमेहात लांब मज्जातंतूंना आधी झळ बसते, आणि मेंदूच्या तळापासून छाती ओलांडून पोटापर्यंत जाणारी व्हेगस लांबच लांब असल्याने ती या तडाख्यात लवकर सापडते. तिचा लगाम सुटला की स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडीही नव्वद-शंभरच्या घरात राहू लागते. उभे राहिल्यावर बीपी घसरणे ही बहुधा पुढची पायरी असते.

एडिंबरामध्ये यूइंग, क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत या निरीक्षणाला पाच चाचण्यांचे रूप दिले : खोल श्वसन, वलसाल्वा (अडथळ्याविरुद्ध जोराने श्वास सोडण्याचा जोर लावणे), उभे राहिल्यावर ठोक्यांत होणारा बदल, उभे राहिल्यावर बीपीत होणारा बदल आणि मुठीची पकड दाबून धरणे. चाचण्या बिघडलेल्या त्यांच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांत दगावले, या निष्कर्षाने त्या काळी खळबळ उडाली. अर्थात ते रुग्ण मुळातच ठळक लक्षणे असलेले होते आणि अनेकांची मूत्रपिंडेही निकामी होत होती, त्यामुळे तो आकडा आजच्या प्रत्येक मधुमेह्याला लावणे अन्यायाचे ठरेल.

या पाचांतील खोल श्वसनाची चाचणी सर्वांत बोलकी आहे. रुग्णाला मिनिटाला सहा श्वास, म्हणजे पाच सेकंद आत आणि पाच सेकंद बाहेर, अशा लयीत श्वास घ्यायला सांगून ईसीजीची पट्टी काढतात. नेहमीच्या वेगाने, सेकंदाला २५ मिलिमीटर, सरकणाऱ्या कागदावर दोन उंच टोकांमधले मिलिमीटर मोजून १५०० ला त्या संख्येने भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. श्वास घेताना हे अंतर १८ मिलिमीटर आणि सोडताना २४ भरले, तर ठोके अनुक्रमे सुमारे ८३ आणि ६२, म्हणजे फरक वीसच्या वर, हे उत्तम. तेच अंतर १७ आणि १८ मध्येच घुटमळत असेल, तर फरक जेमतेम पाच उरतो. यूइंग यांच्या निकषांनुसार १५ किंवा अधिक फरक सामान्य आणि १० किंवा कमी असामान्य मानला जातो. मात्र वयानुसार हा फरक आपोआप घटतो, हे साठीतल्या रुग्णाचा कागद वाचताना विसरता कामा नये.

पुढे संगणक आला. १९८१ मध्ये अ‍ॅक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी ठोक्यांतील चढउतारांचे वारंवारतेनुसार विश्लेषण मांडले आणि १९९६ मध्ये युरोपीय व उत्तर अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त गटाने मोजणीचे नियम ठरवून दिले. संशोधनासाठी ते मोलाचे आहेत, यात शंका नाही. तरीही माझ्या मते जिल्ह्याच्या ठिकाणी ईसीजी मशीन, फुटपट्टी आणि घड्याळ एवढ्यावर होणारी जुनी चाचणीच अधिक कामाची आहे, कारण तिचा आकडा डॉक्टरला स्वतः पडताळता येतो. स्मार्टवॉच मनगटावरच्या प्रकाशाने नाडीचे अंदाज बांधते. झोप, ताण, चहा, तंबाखू या सगळ्यांचा परिणाम त्यात मिसळलेला असतो आणि त्यावरून मज्जातंतूंचे निदान करता येत नाही. चाचणीआधी चहा-कॉफी व तंबाखू टाळायला सांगतात, ते याचसाठी. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांचाही परिणाम होतो, पण त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगाव्यात.

प्रकार २ च्या मधुमेहात निदानापासूनच आणि प्रकार १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी या विकाराची तपासणी सुरू करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. निकाल असामान्य आला तर रुग्णाला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, हे गृहीत धरून पुढच्या तपासण्या ठरवल्या जातात, बीपीची औषधे जपून दिली जातात, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला ते आधी कळवावे लागते, कारण भुलीत अशा रुग्णाचे बीपी अचानक कोसळू शकते.