नेब्रास्काचं ‘ऑप्शन’ : एका शब्दात काय काय कोंबलं गेलं

नेब्रास्का विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ सलग दोन शनिवार हरला की त्याच्या गावात, लिंकनमध्ये, एक मागणी हटकून वर येते: ऑप्शन परत आणा, म्हणजे चेंडू कुणी घेऊन धावायचं हे खेळी सुरू झाल्यावर ठरवण्याची ती जुनी पद्धत. मागणी करणाऱ्यांत 1995चा विजेतेपदाचा हंगाम डोळ्यांनी पाहिलेले असतात, तसे त्या वर्षी जन्मलेही नव्हते असेही असतात. 1962 पासून इथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपल्याची नोंद आहे. सामन्याच्या दिवशी हे स्टेडियम माणसांच्या हिशेबाने राज्यातलं तिसरं मोठं शहर ठरतं. त्यामुळे ही आठवण चार म्हाताऱ्यांच्या गप्पांपुरती राहत नाही. प्रशिक्षक नेमताना आणि काढताना ती बैठकीत येऊन बसते. घोळ इतकाच की ऑप्शन म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळीच गोष्ट असते.

मूळ कल्पना 1941ची, मिझुरी विद्यापीठाच्या संघाची. बास्केटबॉलमध्ये दोघं चेंडू घेऊन धावत येतात आणि बचावाला एकटाच उरतो, तेव्हा त्याची जी गत होते ती फुटबॉलच्या मैदानावर उभी करायची, एवढंच. याच धाटणीवर ओक्लाहोमाने 1953 ते 1957 या काळात सलग 47 सामने जिंकले. साठच्या दशकाच्या मध्यावर ह्यूस्टनने त्यात तिसरा पर्याय घातला आणि व्हीअर नावाची रचना तयार झाली. 1968 मध्ये टेक्ससने क्वार्टरबॅकमागे, म्हणजे प्रत्येक खेळी चालवणाऱ्या खेळाडूमागे, तिघांना असं उभं केलं की एका क्रीडा पत्रकाराला त्यात कोंबडीच्या छातीचं हाड दिसलं. तेव्हापासून ते विशबोन. टेक्ससने त्यावर सलग 30 सामने मारले. ओक्लाहोमाने 1970च्या हंगामात मध्येच ही रचना उचलली आणि पुढच्या वर्षी सामन्यामागे 472 यार्ड नुसत्या धावांवर काढले. तो उच्चांक अजून तसाच आहे.

यातलं काहीही नेब्रास्काचं नाही, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

ऑप्शनचा गाभा असा: समोरच्या एका खेळाडूला मुद्दाम कुणीही अडवायचं नाही. त्याला मोकळा सोडायचा आणि क्वार्टरबॅकने त्याच्याकडे बघत बघत ठरवायचं. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला की चेंडू बाहेर पिच, म्हणजे बाजूने धावणाऱ्या साथीदाराकडे फेक, आणि पिचच्या दिशेने सरकला की क्वार्टरबॅक स्वतः आत. त्या बिचाऱ्याला इकडे आड तिकडे विहीर. खऱ्या ट्रिपल ऑप्शनमध्ये असे दोघं सोडलेले असतात. पहिल्याकडे बघून फुलबॅकच्या (मागून थेट मध्यातून घुसणाऱ्या खेळाडूच्या) पोटात दिलेला चेंडू ठेवायचा की काढून घ्यायचा ते ठरतं, दुसऱ्याकडे बघून पिच. म्हणजे चेंडू नक्की कुणाकडे जाणार हे हडलमध्ये, खेळीआधीच्या घोळक्यात, कुणालाच ठाऊक नसतं, क्वार्टरबॅकलाही नाही.

नेब्रास्काच्या ज्या संघांची आठवण काढली जाते ते हे फार थोडं करत. त्यांची रचना आय-फॉर्मेशनची: क्वार्टरबॅक, त्याच्यामागे फुलबॅक, त्याच्यामागे आयबॅक हा मुख्य धावणारा, एका रेषेत. फुलबॅकला चेंडू द्यायचा की नुसता देखावा करायचा हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असे. वाचायचा तो कडेचा एकच खेळाडू. शिवाय सामन्याचा मोठा भाग ऑप्शनचा नसेच. ट्रॅप, काउंटर, स्वीप अशा आधीच ठरलेल्या धावा, आयबॅकला सरळ लाइनच्या (पुढे उभ्या अडवणाऱ्यांच्या) मागे घुसवणं, म्हणजे निव्वळ रेटारेटी. ऑप्शन हा त्या जेवणातला ठेचा होता, भाकरी नव्हे. ठेचा जास्त लक्षात राहतो, त्याला इलाज नाही.

पुढे क्वार्टरबॅक काही पावलं मागे उभा राहतो त्या शॉटगन रचनेतलं झोन-रीड आलं आणि त्यालाही ऑप्शनच म्हणू लागले. मग आरपीओ (रन-पास ऑप्शन) आलं, ज्यात धाव आणि पास (चेंडू पुढे फेकणं) यांतली निवड चेंडू हातात आल्यावर होते. त्या नावातलं शेवटचं अक्षरही ऑप्शनचंच. आजचा कुठलाही प्रशिक्षक हसतमुखाने सांगू शकतो की आम्हीही ऑप्शन खेळतो, आणि तो खोटं बोलत नसतो. चाहत्याला मात्र फसवल्यासारखं वाटतं, कारण त्याला त्या शब्दातून दुसरंच काही मागायचं असतं.

ते दुसरं काय, हे बघायला 1973 कडे जावं लागतं. त्या वर्षी आलेला प्रशिक्षक 25 हंगाम टिकला, 255 सामने जिंकला, आणि एकाही हंगामात त्याचे विजय 9 पेक्षा कमी झाले नाहीत. तो ऑप्शनवाला म्हणून आलेला नव्हता. सत्तरच्या दशकात त्याचा संघ पासही बऱ्यापैकी टाकत असे आणि ओक्लाहोमाकडून जवळजवळ दरवर्षी हरत असे. पहिली पाचही वर्षं हार. दशकाच्या अखेरीस त्याने धावणारे क्वार्टरबॅक शोधायला सुरुवात केली, थोडक्यात शत्रूचंच शस्त्र आपल्या मुठीला बसेल असं घासून घेतलं. 1981, 1982 आणि 1983 अशी तिन्ही वर्षं ओक्लाहोमा हरलं. 1983च्या संघाने सामन्यामागे 52 गुण केले.

आणि तो संघ अजिंक्यपद एका गुणाने हुकला. 1984च्या जानेवारीत मायामीविरुद्ध 31-30. शेवटच्या टचडाउननंतर किक मारून बरोबरीचा एक गुण घेतला असता तर विजेतेपद बहुधा मिळालंच असतं. प्रशिक्षकाने दोन गुणांसाठी जायचं ठरवलं आणि तो प्रयत्न फसला. गंमत म्हणजे तो प्रयत्न पासचा होता. 1997चं विजेतेपद वाचलं तेही पासवरच: मिझुरीविरुद्ध वेळ संपता संपता पायाने उडालेला चेंडू जमिनीला लागायच्या आत एका नवख्याने झेलला आणि सामना जादा वेळेत गेला. धावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या संघाच्या सर्वांत जास्त सांगितल्या जाणाऱ्या किश्श्यांत हे दोन पास आहेत.

या मधल्या काळाबद्दल चाहते फारसं बोलत नाहीत. 1988 ते 1994 या जानेवारी महिन्यांत नेब्रास्का सलग सात बोल सामने (हंगामाअखेरचे खास सामने) हरलं. फ्लोरिडाच्या वेगवान संघांपुढे ही पद्धत चालणार नाही, ती कालबाह्य झाली, असं तेव्हा उघड बोललं जात होतं, घरच्या गॅलरीतसुद्धा. मग बदललं काय? ऑप्शन नव्हे. बदलला बचाव. तो चार-तीनच्या (पुढे चार, त्यांच्यामागे तीन) रचनेवर आला, आणि वजनापेक्षा वेग बघून खेळाडू घेतले जाऊ लागले. त्यानंतरच्या पाच हंगामांत 60 विजय आणि 3 पराभव. 1995चा संघ सामन्यामागे जवळजवळ 400 यार्ड धावला, एकही सामना 14 पेक्षा कमी गुणांच्या फरकाने जिंकला नाही, आणि शेवटी फ्लोरिडा विद्यापीठाला 62-24 असं लोळवलं. त्या रात्रीची क्वार्टरबॅकची 75 यार्डांची धाव, एकामागून एक हात झटकत गेलेली, आजही दर हंगामात पुन्हा दाखवली जाते.

या धावांच्या मागे जे होतं ते टीव्हीवर दिसत नसे. 1969 मध्येच इथे वजन उचलण्याच्या तालमीसाठी स्वतंत्र प्रशिक्षक होता, जेव्हा बहुतेक ठिकाणी वजनांनी खेळाडू जड होतात असा समज होता. शिष्यवृत्तीशिवाय येणारी राज्यातल्या गावागावांतली पोरं, वॉक-ऑन, मोठ्या संख्येने संघात असत. सरावात एकाच वेळी अनेक गट चालत, त्यामुळे चौथ्या फळीतला पोरगाही घाम गाळून तयार होई. चार-पाच वर्षं मुरलेली लाइन उभी राहिली की खेळी कोणतीही लावा, चालायची.

उलटं उदाहरण लष्करी अकादमींच्या संघांचं. तेही ऑप्शन खेळतात, तेही खरंखुरं ट्रिपल, पण आपली माणसं समोरच्यापेक्षा लहान असतात म्हणून. ज्याला अडवणं झेपत नाही त्याला मोकळा सोडून चकवायचं. नेब्रास्का हे खेळायचं ते कुणालाही अडवू शकत होतं म्हणून. दोन्हींना एकच नाव देणं म्हणजे तालमीतला पैलवान आणि चोरवाटेने निसटणारा चपळ गडी एकाच तराजूत घालणं.

2003चा निर्णय या गैरसमजातूनच झाला, असं मला वाटतं. 1998 मध्ये गादीवर आलेला प्रशिक्षक याच संघाचा जुना फुलबॅक. त्याच्या हाताखालच्या क्वार्टरबॅकला 2001 मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. पण त्याच हंगामात कोलोरॅडोने 62-36 आणि मायामीने 37-14 असं झोडपलं. 2002चा हंगाम 7 विजय, 7 पराभव असा गेला. 2003 मध्ये संघ सावरला. कोलोरॅडोला हरवून 9-3 झाला आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकाला काढण्यात आलं. आम्ही संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही, अशा अर्थाचं कारण वरून देण्यात आलं. बाजू मांडायची तर म्हणता येईल की भरतीत चांगले खेळाडू हातचे जात होते आणि मोठे संघ आता पुढे निघून गेले होते. ते खोटं नव्हतं. पण दुखणं लाइनचं आणि भरतीचं, आणि उतारा काढला तो खेळीच्या वहीवर.

जानेवारीत व्यावसायिक लीगमधून नवा प्रशिक्षक आला, सोबत वेस्ट कोस्ट धाटणीचा पासचा खेळ घेऊन. 2004 मध्ये 5-6. 1961 नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम, सलग 35 वर्षं बोल खेळण्याची मालिका खंडित, आणि टेक्सस टेककडून 70-10. वॉक-ऑन पोरांना पूर्वीसारखी जागा राहिली नाही ही तक्रारही तेव्हाचीच. 2007 मध्ये कॅन्ससने 76 गुण ठोकल्यावर तोही गेला. ‘ऑप्शन परत आणा’ या वाक्याला धार आली ती या चार वर्षांत.

2017च्या डिसेंबरमध्ये नेमणूक झाली ती 1997च्या विजेत्या संघाच्या क्वार्टरबॅकची. त्या हंगामात बाहेरच्या एका संघाला एकही सामना न हरता डिसेंबरपर्यंत नेऊन तो घरी येत होता, आणि लिंकनमध्ये दिवाळी होती. त्याचा खेळ खरं तर ओरेगॉनमध्ये शिकलेला, पसरट आणि घाईचा. पण पोरगा इथला, तेव्हा ऑप्शनही येईल असं अनेकांनी धरून चाललं. पहिले सहाही सामने हरला. एकूण हिशेब 16 विजय, 31 पराभव.

2022च्या सप्टेंबरमध्ये जॉर्जिया सदर्नचा संघ लिंकनला आला. खालच्या विभागातली सहा विजेतेपदं त्यांनी याच ऑप्शनवर मिळवलेली, आणि त्याच वर्षी ते ती पद्धत सोडून पासकडे वळलेले. त्यांनी पास टाकत टाकत नेब्रास्काला 45-42 हरवलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्या जुन्या क्वार्टरबॅकला काढल्याचं जाहीर झालं.