विश्वामित्रीच्या गाळातली डांबरगोळी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत पैठण्यांच्या ट्रंकेत ठेवलेली डांबरगोळी हळूहळू विरून जाते. तिला कोणी खात नाही. तिच्यातले नॅप्थलीन घन अवस्थेतून थेट वायुरूप होते. हेच नॅप्थलीन तेलातून किंवा डांबरातून शहरातल्या विश्वामित्रीसारख्या नदीच्या गाळात उतरले आणि काही महिन्यांनी कमी भरले, तर मात्र ते जिवाणूंनी फस्त केले, असे आपण बोलून मोकळे होतो. वास्तविक ते उडून गेलेले असेल, वाहून गेलेले असेल किंवा मातीच्या कणांना इतके घट्ट चिकटलेले असेल की तपासणीत सापडतच नसेल.

जिवाणू ते खाऊ शकतात, यात शंका नाही. त्यांची विकरे (एन्झाइम) नॅप्थलीनमधल्या कार्बन अणूंच्या कड्यावर ऑक्सिजनचे दोन अणू बसवतात, त्यामुळे एरवी कशालाही दाद न देणारे ते कडे पुढच्या पायऱ्यांत फुटते आणि तुकड्यांवर जिवाणूंचे पोट भरते. पण हे दिसते प्रयोगशाळेतल्या बशीत, आणि निसर्गातले बहुसंख्य जिवाणू बशीत वाढतच नाहीत. जे वाढतात, त्यांनाच सारे श्रेय मिळते.

यावर तोड निघाली ती कार्बन-१३ या जड समस्थानिकाची, म्हणजे कार्बनच्याच किंचित जड अणूची. निसर्गातल्या कार्बनमध्ये तो जेमतेम १.१ टक्का असतो. त्याचेच बनवलेले नॅप्थलीन गाळात सोडले आणि वर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जड कार्बन वाढला, तर ते कोणीतरी पचवले हे नक्की. शिवाय खाणाऱ्याच्या डीएनएतही तो कार्बन उतरतो. असा जड डीएनए वेगळा काढून वाचला, की खाणाऱ्याची ओळख पटते. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डांबराने दूषित झालेल्या गाळात, प्रत्यक्ष जागेवर, हा माग काढला. हाती लागला तो पाठ्यपुस्तकांचा लाडका स्यूडोमोनास नव्हे, तर पोलारोमोनास प्रजातीतला जिवाणू.

मगरींच्या विश्वामित्रीत मुद्दाम नॅप्थलीन ओतायला अर्थातच कोणी धजावणार नाही. तेथे न ओतता करण्याजोगी एक तपासणी आहे. हलक्या कार्बनचे बंध विकरे किंचित लवकर तोडतात, म्हणून जिवाणूंनी खाऊन उरलेल्या, पेट्रोलमध्ये असणाऱ्या बेन्झीन-टोल्युईनमध्ये जड कार्बनचे प्रमाण वाढत जाते. नुसते पाण्यात विरळ झाल्याने ते बदलत नाही. नॅप्थलीनमध्ये मात्र हा फरक दहा कार्बनांत वाटला जाऊन इतका पुसट होतो की तो मोजणेच अवघड जाते.