स्व-निवेदन व्यक्तिमत्त्व प्रश्नावली

माणसाने स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवरून त्याच्या स्वभावातील टिकाऊ प्रवृत्तींचा अंदाज घेण्याचे मानसशास्त्रीय साधन. प्रश्नावलीत छोटी विधाने असतात : ‘अनोळखी माणसांशी मी सहज बोलू लागतो’, ‘हाती घेतलेले काम पुरे झाल्याशिवाय मला चैन पडत नाही’, ‘लहानसहान गोष्टींनी माझे मन अस्वस्थ होते’. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते ते ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करून सांगायचे. पायऱ्यांची ही रीत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली लोकांची मते मोजण्यासाठी मांडली. व्यक्तिमत्त्वमापनाने ती पुढे उचलली. एका गुणविशेषाची आठ-दहा विधाने प्रश्नावलीभर विखुरलेली असतात. त्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे त्या गुणविशेषाचा प्राप्तांक. यात बरोबर-चूक उत्तर नसते आणि पास-नापासही नसते.

कोल्हापुरात या साधनाशी लोकांची गाठ बहुधा दोन ठिकाणी पडते. शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न महाविद्यालयांत मानसशास्त्र घेतलेले विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला ‘प्रयुक्त’ म्हणून समोर बसवतात, सूचना वाचून दाखवतात, गुण देतात आणि जर्नलमध्ये निष्कर्ष लिहितात. दुसरे ठिकाण समुपदेशकाच्या खोलीचे. दहावी-बारावीनंतर पालक मुलांना घेऊन तिथे जातात आणि आलेखांनी भरलेला अहवाल घेऊन घरी येतात. राज्य मंडळाने काही वर्षे दहावीच्या मुलांची घेतलेली कलचाचणी हा मात्र वेगळा प्रकार. तिचा भर मुलाला कोणत्या क्षेत्राची ओढ आहे यावर होता, स्वभावावर नव्हता. अनेक घरांत या दोन्हींची गल्लत होते आणि ‘बहिर्मुखता कमी’ हा शेरा ‘याला विक्रीचे काम जमणार नाही’ असा वाचला जातो.

अहवाल वाचताना सर्वांत आधी ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की, प्राप्तांक हा माणसाने स्वतःबद्दल दिलेला जबाब असतो आणि तो इतरांच्या जबाबांशेजारी ठेवूनच त्याला अर्थ येतो. गुजरीतला सराफ सोन्याला त्याचे वजन विचारत नाही. इथे मात्र ज्याचे मोजमाप करायचे त्यालाच विचारावे लागते. त्यामुळे उत्तर देणाऱ्याला स्वतःची ओळख किती, तो किती खरे सांगतो, विधान त्याला कसे कळले आणि त्याची तुलना कोणाशी केली, या साऱ्यांवर आकडा अवलंबून राहतो.

या प्रश्नावल्यांचा उगम युद्धात झाला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली मनाने कोसळणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यांनी अमेरिकन सैन्यासाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारी प्रश्नांची यादी तयार केली. ती वापरात येण्याआधीच युद्ध संपले, पण तिचा साचा टिकला. १९४३ मध्ये हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी मिनेसोटा विद्यापीठात मनोविकारांच्या निदानासाठी मोठी शोधिका (अनेक श्रेणींची, म्हणजे विधानगटांची, प्रश्नावली) प्रसिद्ध केली. उत्तरे खरी आहेत की सजवलेली, हे तपासणाऱ्या स्वतंत्र श्रेणी तिच्यात होत्या. निरोगी माणसांच्या स्वभावाकडे जाणारी वाट शब्दकोशातून निघाली. माणसामाणसांतले महत्त्वाचे फरक भाषेत शब्द बनून उतरलेले असतात, या गृहीतकावर ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी कोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. त्यांतले टिकाऊ गुणविशेष सांगणारे सुमारे साडेचार हजार निघाले. रेमंड कॅटेल यांनी ते गाळून, घटक विश्लेषणाच्या, म्हणजे एकत्र आढळणारे गुण एका गटात बांधणाऱ्या, गणिताने १६ घटकांपर्यंत आणले (प्रश्नावली, १९४९). हान्स आयझेंक यांनी आधी दोन आणि नंतर तीनच मूलभूत परिमाणे पुरेशी मानली.

आजच्या संशोधनात सर्वाधिक चालणारी मांडणी पाच घटकांची आहे : बहिर्मुखता, सहमतशीलता (इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती), कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांविषयीचा खुलेपणा. कोस्टा आणि मॅक्रे यांच्या १९९२ च्या विस्तृत शोधिकेत या पाचांचे प्रत्येकी सहा उपघटक आणि प्रत्येक उपघटकाची आठ विधाने, अशी एकूण २४० विधाने आहेत. याच पाच घटकांसाठी अवघ्या दहा विधानांची लघुप्रश्नावलीही आहे. ती मोठ्या पाहणीत उपयोगी पडते, एका मुलाबद्दल काही ठरवायला अपुरी. अ‍ॅश्टन आणि ली यांनी प्रामाणिकपणा-नम्रता हा सहावा घटक जोडला. भारतात सत्त्व, रज, तम या त्रिगुणांवर आधारलेल्या प्रश्नावल्याही वापरल्या जातात.

हे पाच घटक एकमेकांपासून बरेचसे सुटे आहेत, हे वाचकाने पक्के धरून ठेवावे. संध्याकाळी रंकाळ्यावर चार मित्र जमवून गप्पांचा फड रंगवणारा मुलगा शिरोलीच्या फौंड्रीत साच्याचे माप दहादा तपासणाराही असू शकतो. बहिर्मुखता आणि कर्तव्यदक्षता दोन्ही त्याच्याकडे असतात. भावनिक अस्थिरतेचा प्राप्तांक जास्त आला म्हणजे आजार झाला, असेही नाही. काळजी, संताप, उदासी हे अनुभव त्या माणसाला इतरांहून लवकर आणि तीव्रतेने येतात, एवढाच त्याचा अर्थ. या एका आकड्याने जितकी घरे विनाकारण घाबरतात तितकी दुसऱ्या कशाने नसतील, म्हणून समुपदेशकाने तो समोरासमोर समजावून द्यायला हवा.

आता तुलनेकडे. ५० पैकी ३८ गुण मिळाले, एवढ्याने काहीच कळत नाही. हा आकडा प्रमाणकांशी, म्हणजे आधी तपासलेल्या मोठ्या गटाच्या गुणांशी ताडून पाहतात. मग त्याचे रूपांतर शततमकात किंवा ज्याची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) १० असते अशा प्रमाणित गुणांत करतात. ७० वा शततमक म्हणजे त्या गटातल्या सुमारे ७० टक्के लोकांचे गुण याच्याहून कमी. शंभरपैकी ७० गुण नव्हेत. आता तो गट अमेरिकेतल्या प्रौढांचा असेल किंवा कुठल्या महानगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा असेल, तर कागलच्या किंवा राधानगरीच्या मुलीला मिळालेला ‘सरासरीपेक्षा कमी’ हा शेरा तिच्या स्वभावाबद्दल फार थोडे सांगतो. अहवाल देणाऱ्याला प्रमाणके कोणत्या गटाची आणि किती जुनी आहेत, हे प्रत्येक पालकाने विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.

तुलना आणखी एका ठिकाणी लपलेली असते, ती उत्तर देणाऱ्याच्याच मनात. ‘मी शिस्तीने वागतो’ या विधानापुढे खूण करताना प्रत्येकजण नकळत आजूबाजूच्यांकडे पाहतो. तालमीत वाढलेला मुलगा पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या मल्लांशी स्वतःला ताडून पाहतो आणि ‘मी आळशी’ असे लिहितो. तोच मुलगा वसतिगृहात उशिरापर्यंत झोपणाऱ्यांत राहिला तर स्वतःला शिस्तीचा समजेल. स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हा संदर्भगटाचा परिणाम दाखवून दिला. दोन प्रदेशांची किंवा दोन देशांची सरासरी शेजारी मांडून ‘इकडचे लोक जास्त मेहनती’ असे निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

कोल्हापूरकर रांगडा, दिलदार, सडेतोड आणि ईर्ष्येचा, हे चित्र महाराष्ट्रभर ठाऊक आहे आणि कोल्हापूरकरही ते अभिमानाने मिरवतात. त्यात आपुलकी आहे, गावाची ओळख आहे. पण ते स्वभावमापन नाही. २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, ४९ संस्कृतींमधल्या अभ्यासात लोकांनी आपल्या राष्ट्रस्वभावाचे केलेले वर्णन आणि तिथल्या माणसांचे प्रत्यक्ष सरासरी प्राप्तांक यांचा मेळ बसला नाही. शिवाजी पेठेतल्या एकाच गल्लीत भिडस्त, बडबडी, हळवी, निबर अशी सगळी माणसे भेटतात, आणि प्रश्नावलीला रस असतो तो याच फरकांत. धोका असा की, भिडस्त मुलगा ‘कोल्हापूरचा गडी असा नसतो’ हे ऐकत वाढला तर तो प्रश्नावलीत स्वतःला आहे त्याहून धीट लिहितो, किंवा उलट, आपल्या साध्या संकोचाला मोठी उणीव समजून आहे त्याहून भित्रा लिहितो. पेठेबद्दलचा समज असा थेट आकड्यात उतरतो.

उत्तरांत शिरणाऱ्या इतर दोषांपैकी सर्वांत बळकट सामाजिक इष्टता, म्हणजे लोकांना आवडेल असे उत्तर देण्याची ओढ. क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये ती मोजण्यासाठी ३३ विधानांची श्रेणी केली. ‘मी कधीच कोणाचा मत्सर केला नाही’ अशा धर्तीच्या, साधुपुरुषालाच शोभतील अशा दाव्यांना जो सगळीकडे ‘सहमत’ म्हणतो, त्याची बाकीची उत्तरेही जपून वाचावी लागतात. नोकरीच्या निवडीत हा दोष वाढतो; गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात अर्ज केलेला उमेदवार ‘मी कामे अर्धवट सोडतो’ याला सहमती देणार नाही हे उघड आहे. घरगुती रूपात तो आणखी सहज शिरतो. आई किंवा वडील मुलाच्या शेजारी बसून ‘अरे, तू असा नाहीस, नीट वाच’ म्हणाले की त्या प्रश्नावलीचा उपयोग संपला. उत्तरे देताना पालकांनी खोलीबाहेर बसावे, ही साधी अट पाळली तरी बराच फरक पडतो.

दुसरा दोष होकाराचा : विधान काहीही असो, ‘सहमत’कडे झुकणे. तो आवरण्यासाठी काही विधाने उलटी लिहितात आणि त्यांचे गुण उलट क्रमाने मोजतात. मराठीत अशी विधाने जपून बांधावी लागतात. ‘मी सहसा चिडत नाही’ याला ‘असहमत’ म्हणजे नेमके काय, इथे चांगले शिकलेलेही अडखळतात. क्रियापदाचे लिंगही आडवे येते. छापील पत्रिकेत ‘चिडतो/चिडते’ लिहिण्यापेक्षा ‘मला राग लवकर येतो’ असे विधान केले की सगळ्यांना, ‘मी जातो’ म्हणणाऱ्या कोल्हापुरी मुलींनाही, ते आपले वाटते.

उत्तर कोणत्या दिवसांत घेतले यालाही महत्त्व असते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात आणि शिरोळ तालुक्यात घुसले होते. त्या आठवड्यांत स्थलांतरित झालेल्या माणसाला ‘मला सतत काळजी वाटते’ हे विधान दिले असते तर त्याने परिस्थितीचे उत्तर दिले असते. त्याचा स्वभाव त्यातून कळला नसता. चार्ल्स स्पिलबर्गर यांच्या चिंता शोधिकेत म्हणूनच ४० विधानांचे दोन सारखे भाग आहेत : २० विधाने ‘या क्षणी’ काय वाटते ते विचारतात, २० ‘एरवी’ काय वाटते ते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात किंवा घरात दुःखद घटना घडली असताना घेतलेल्या चाचणीवर तशी स्पष्ट नोंद हवी.

मापनात त्रुटी राहतेच आणि तिचा अंदाज गणिताने करता येतो. समजा, एका श्रेणीची विश्वसनीयता, म्हणजे तिचे गुण किती भरवशाचे आहेत हे ० ते १ या मापात सांगणारा आकडा, ०.८४ आहे, जी चांगली मानली जाते. प्रमाण विचलन १० धरले तर मापनाची प्रमाण त्रुटी ४ येते. म्हणजे ५४ गुण मिळालेल्या मुलाचा खरा प्राप्तांक, या त्रुटीच्या दुप्पट इकडेतिकडे धरून, ढोबळमानाने ४६ ते ६२ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ज्या अहवालात ५४ आणि ५१ यांतल्या फरकावरून दोन मुलांना वेगवेगळ्या शाखा सुचवलेल्या असतात, तो बाजूला ठेवलेला बरा.

प्राप्तांकावरून वागणुकीचे भाकीत करण्याचीही मर्यादा आहे. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये दाखवले की, गुणविशेष आणि एखाद्या प्रसंगातले प्रत्यक्ष वर्तन यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळून चालतात याचे माप; पूर्ण जुळल्या तर १) क्वचितच ०.३० च्या पुढे जातो. त्याचा वर्ग केला तर वर्तनातल्या फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरक गुणविशेषाने उलगडतात. पुढच्या संशोधनाने हे चित्र सावरले : एका प्रसंगाऐवजी अनेक प्रसंगांतली वागणूक एकत्र पाहिली तर संबंध स्पष्ट होतो. बॅरिक आणि माउंट यांच्या १९९१ च्या आढाव्यात कर्तव्यदक्षतेचा संबंध सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांतल्या कामगिरीशी आढळला, पण तोही माफकच. शिवाय वय वाढेल तसे प्राप्तांक सरकतात. विशीपासून चाळिशीपर्यंत कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढते. सतराव्या वर्षीच्या अहवालाला जन्मभराचा दाखला समजण्याला शास्त्राचा आधार नाही.

गुणविशेष आणि ‘प्रकार’ यांतही फरक करायला हवा. ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी घडवलेली लोकप्रिय प्रश्नावली माणसांना १६ प्रकारांत वाटते. प्रत्यक्षात बहुतेक लोक प्रत्येक परिमाणाच्या मध्याजवळ असतात. दोन-तीन गुणांच्या फरकाने त्यांचा प्रकार बदलतो आणि काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा सोडवली की अनेकांना वेगळा प्रकार मिळतो. तरीही वर्णन ‘अगदी माझेच’ वाटते. त्यामागचे कारण बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये उघड केले. त्यांनी वर्गातल्या सर्व विद्यार्थ्यांना चाचणीचा निकाल म्हणून एकच वर्णन दिले, त्यातली वाक्ये राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतली होती, आणि अचूकतेसाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या वर गुण दिले. अहवालातले वाक्य शेजारच्या मुलालाही तितकेच लागू पडत असेल तर ते आपल्या मुलाबद्दल काही सांगत नाही, ही परीक्षा पालकांना घरी करता येते.

स्वतःबद्दल माणसालाच सगळे कळते, असेही नाही. सिमीन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात चिंता, अस्वस्थता अशा आतल्या गोष्टी माणसाला स्वतःला अधिक अचूक कळल्या, तर बुद्धिमत्ता, कल्पकता अशा मानाच्या गुणांबाबत जवळच्या मित्रांचा अंदाज सरस ठरला. म्हणून चांगला समुपदेशक प्रश्नावलीबरोबर मुलाखत घेतो आणि मुलाच्या संमतीने घरच्यांना किंवा शिक्षकांनाही विचारतो. निदानासाठीच्या शोधिका तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञानेच वापराव्यात.

स्थानिक प्रमाणकांचे काम जिल्ह्यातले प्राध्यापक आणि विद्यार्थी हाती घेऊ शकतील असे आहे. लुइस गोल्डबर्ग यांनी सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय संचात कोणालाही विनामूल्य वापरता येणारी हजारो विधाने आहेत. ती मराठीत आणायची, दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा इंग्रजीत करवून मूळ अर्थ तपासायचा, थोड्या लोकांवर चाचपणी करायची, न चालणारी विधाने काढायची आणि मग मोठ्या गटाचे गुण गोळा करायचे, असा त्याचा क्रम आहे. मात्र हा गट शहरातल्या महाविद्यालयांपुरताच घेतला, तर शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या मुलामुलींची तुलना पुन्हा त्यांच्याहून वेगळ्या लोकांशीच होत राहील.