शेंडा खुडल्याने तुळस खुंटत नाही

जूनमध्ये तुळशीचा शेंडा खुडताना शेजारच्या काकूंनी मला हटकलं, "अगं, शेंडा मोडलास की झाड खुंटतं!" त्यांच्या दारातली तुळस कमरेएवढी वाढलेली, पण खाली नुसती काडी, वर चार पानं आणि मंजिऱ्याच मंजिऱ्या. हा समज फार घरांत आहे, म्हणून लिहिते.

तुळशीच्या प्रत्येक पेरावर दोन पानं समोरासमोर असतात. देठ खोडाला जिथे मिळतो त्या बगलेत भिंगाने पाहा. मोहरीहून बारीक हिरवा ठिपका दिसेल. तो डोळा, म्हणजे अजून न फुटलेली फांदी. तिला दाबून ठेवतो तो शेंडा. शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि पेशीपेशीतून तासाला साधारण 1 सेंटिमीटर या गतीने खाली उतरतं. 1930च्या दशकात थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावलं, तर खालचे डोळे फुटेनात. शेंड्याचं काम ऑक्झिननेच केलं!

गंमत पुढेच आहे. हे ऑक्झिन डोळ्यात शिरतच नाही, ते खोडातून खाली निघून जातं. डोळ्याला वाढायचं तर स्वतःचं ऑक्झिन खोडात सोडावं लागतं, आणि खोडातला प्रवाह आधीच भरलेला असला तर ते जमत नाही. शिवाय डोळ्याला जागं करणारं सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक ऑक्झिनमुळे खोडात कमी बनतं. तरीही एक कोडं उरलं होतं. वाटाण्यात शेंड्यापासून लांबचे डोळे काही तासांतच हलू लागतात, म्हणजे ऑक्झिन ओसरल्याची खबर तिथे पोचण्याच्याही आधी. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की पहिली खूण साखरेची असते. वाढता शेंडा पानांत बनलेली साखर ओढून घेतो. तो गेला की तीच साखर डोळ्यांकडे वळते. शेंडा शाबूत ठेवून रोपाला वरून साखर दिली तरी डोळे फुटू लागले.

मंजिरी खुडायची ती याचसाठी, नाहीतर साखर बियांत जाते. पानांच्या जोडीच्या जरा वर कापलं की एका फांदीच्या दोन होतात. चारदा खुडलं की सोळा.

ही साखर बनते फक्त उजेडात, आणि ऑक्सिजनही तेव्हाच, पाण्याचा रेणू फुटून सुटतो. तुळस चोवीस तास ऑक्सिजन सोडते असे संदेश फिरतात, ते साफ खोटे आहेत. रात्री तुळस आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते आणि दिवसाची साखर वापरते.

वर्षभराची निगा म्हणजे मुख्यतः कोणाचा वाढीचा कोंब कुठे आहे हे ओळखणं. गवती चहाचा कोंब बुंध्याशी, म्हणून पाती चार बोटं ठेवून बिनधास्त कापा. कोथिंबिरीचाही मातीलगत, म्हणून बाहेरची पानं तोडा, मधला गाभा राहू द्या. धणे रगडून दोन फाकी करून पेरावेत, ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर. उन्हाळ्यात पेरलेली कोथिंबीर लवकर फुलावर येते. पुदिन्याच्या काड्या पावसाळ्यात सहज मुळं धरतात, पण कुंडीचं भोक मोकळं हवं, नाहीतर साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. थंडीत तुळस आणि कढीपत्ता मंदावतात, तेव्हा पाणी कमी करा आणि कात्री लावू नका. मोठी छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी.

काकूंनी मन घट्ट करून एकच फांदी कापू दिली. पंधरवड्याने त्यांनीच मला हाक मारून बोलावलं. कापल्या जागेखाली, दोन्ही बगलांत, जांभळट देठांचे दोन फुटवे समोरासमोर उभे होते. उरलेल्या फांद्या त्यांनी आपल्या हाताने खुडल्या.