इंदूरचं खत, कुन्नूरचे उंदीर आणि तुपाचं पुनरागमन

इंदुरात तुपाचे दिवस परत आले आहेत. ज्या घरांत डॉक्टरांच्या धाकाने वरणावरची धार बंद झाली होती, तिथेच आता 'बिलोना' (दही घुसळून काढलेल्या लोण्याच्या) तुपाची बरणी ऑनलाइन मागवली जाते. जिमला जाणारी मुलं अंड्यातला पिवळा भाग टाकत नाहीत, आणि पायाचं सूप 'बोन ब्रॉथ' होऊन पाकिटातून येतं. (अशक्त माणसाला मटणाचं अळणी पाणी पाजणाऱ्या मराठा घरांना त्या पाकिटाच्या किमतीचं हसू आलं तर नवल नाही.) या सगळ्याला आधार म्हणून एक अमेरिकन नाव सांगितलं जातं : वेस्टन प्राइस. गोष्ट तिथूनच सुरू करायची पद्धत पडली आहे. पण तिचा निम्मा भाग निलगिरीत आणि आपल्या इंदुरात घडला, आणि तो भाग कुणी सांगत नाही.

प्राइस हा क्लीव्हलंडचा दंतवैद्य. कारखान्यातलं अन्न न पोचलेल्या लोकांचे दात आणि जबडे बघत तो १९३०च्या दशकात जगभर हिंडला. स्वित्झर्लंडमधल्या लोट्शेंटाल खोऱ्यात त्याला राईची भाकरी, चीज आणि उन्हाळी चाऱ्यावरच्या गाईंचं लोणी खाणारी माणसं भेटली. मांस त्यांच्या पानात साधारण आठवड्यातून एकदा. स्कॉटलंडच्या बेटांवर ओट आणि मासे, आफ्रिकेतल्या मसाई गुराख्यांकडे दूध, रक्त, मांस. १९३९ साली त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं. केवळ वनस्पतिजन्य अन्नावर उत्तम शरीर कमावलेला एकही समाज आपल्याला आढळला नाही, हा त्याचा निष्कर्ष त्याचे अनुयायी आजही पुढे करतात. त्याच्या नावाची संस्था १९९९ साली निघाली. कच्चं दूध, कलेजी आणि कॉड माशाचं तेल हा तिचा आग्रह. प्राइसचं निरीक्षण बारीक होतं, पण पद्धत सैल. चार दिवस पाहुणा म्हणून जायचं, दात मोजायचे आणि जो फरक दिसेल त्याचं श्रेय जेवणाला द्यायचं, यात बाकीची कारणं सुटतात.

प्रयोगशाळेतला पुरावा हवा असेल तर निलगिरीतल्या कुन्नूरला जावं लागतं. रॉबर्ट मॅकॅरिसन हा ब्रिटिश फौजी डॉक्टर आधी गिलगिटला होता. जवळच्या हुंझा खोऱ्यातल्या लोकांची उत्तम तब्येत त्याने तिथे पाहिली. पुढे कुन्नूरच्या प्रयोगशाळेत त्याने हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचं जेवण पांढऱ्या उंदरांना घातलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी असे सात गट. शीख जेवणावरचे उंदीर सगळ्यांत चांगले वाढले, सरासरी वजन २३५ ग्रॅमच्या आसपास. मद्रासी भातावरचे १५५च्या घरात अडकले. आपलं मराठा ताट तिसऱ्या क्रमांकावर, पठाणांच्या खालोखाल.

शीख ताटात होतं काय? ताज्या, न चाळलेल्या कणकेची पोळी, दूध, दही, लोणी, डाळ, मोड आलेले हरभरे, भाजी आणि अधूनमधून मांस. म्हणजे जनावराचा वाटा ठळक होता, पण तो मुख्यतः दुभत्याचा. याच धर्तीच्या आहारावर मॅकॅरिसनने हजाराहून जास्त उंदीर सव्वादोन वर्षं पाळले. प्रौढ उंदरांत नैसर्गिक कारणाने एकही मृत्यू झाला नाही. दुसऱ्या एका गटाला त्याने गरीब इंग्रजाचं जेवण दिलं : पांढरा पाव, मार्गारीन, साखर घातलेला चहा, उकडलेल्या भाज्या, जॅम आणि डब्यातलं मांस. हे उंदीर खुरटले, आपसांत भांडू लागले आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यातल्या अशक्तांना मारून खाऊ लागले. मांस होतंच की त्या ताटात! 'मांसाहाराने ताकद येते' असं सोपं सूत्र मांडणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

या प्रयोगांवर काही जमाती जन्मतःच लढवय्या असतात या ब्रिटिश कल्पनेची सावली आहे, हेही खरं. मद्रासी माणूस म्हणजे गिरणीत पॉलिश केलेला भात, हे समीकरण दक्षिणेतल्या दही-मासे खाणाऱ्या कितीतरी घरांवर अन्याय करणारं होतं.

आता इंदूर. १९२४ साली होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय तेच. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या वनस्पतिशास्त्रज्ञ पत्नी गॅब्रिएल. संशोधनाचा मुख्य विषय कापूस होता, पण जगभर गेलं ते तिथलं खत. कापसाच्या आणि तुरीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू द्यायच्या. मग त्या गोठ्यात बैलांखाली पसरायच्या, मूत्र मुरलं की उथळ खड्ड्यात शेण, गोठ्यातली माती आणि राख यांच्यासोबत थर द्यायचे. तीनदा परतायचं; तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. 'इंदूर पद्धत' या नावाने ती चहाच्या मळ्यांपासून इंग्लंडच्या बागांपर्यंत पोचली. १९३१च्या मूळ इंग्रजी पुस्तकावर हॉवर्डच्या नावाशेजारी संस्थेतले रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांचं नाव आहे. आडनावावरून आपलेच दिसतात, तरी इंदूरच्या मराठी मंडळींत त्यांची आठवण फारशी निघत नाही. गांधीजी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी आले तेव्हा हे खत आवर्जून बघून गेले.

खताचा जेवणाशी संबंध काय, असं वाटेल. हॉवर्डचं म्हणणं सरळ होतं : निसर्ग जनावरांवाचून शेती करत नाही. सकस मातीतून सकस चारा, त्यातून निरोगी बैल आणि गाय, आणि शेवटी माणूस. मार्च १९३९ मध्ये इंग्लंडच्या चेशायर परगण्यातल्या डॉक्टरांनी क्रू गावी सभा भरवली, तेव्हा एकाच व्यासपीठावर कुन्नूरचा मॅकॅरिसन आणि इंदूरचा हॉवर्ड बोलले. ब्रिटनमधल्या सेंद्रिय चळवळीला आणि 'जुनं ते सकस' या विचाराला तिथून जोर मिळाला. आज तोच विचार इंग्रजी लेबल लावून इंदूरच्या विजयनगर भागातल्या दुकानांत परत आला आहे.

आपल्याकडच्या ताटात हा मेळ आधीपासून होता. होळकर मुळात धनगर. मेंढरू आणि दूध दोन्ही घरचं. ब्राह्मण घरांत मांस नव्हतं, पण दूध, दही, ताक, लोणी, तूप या साखळीशिवाय दिवस जात नव्हता. भुट्ट्याचा कीस घ्या. कोवळे दाणे किसायचे, तुपात हिंग-मोहरी-मिरचीवर रंग पालटेपर्यंत परतायचे, मग थोडं थोडं दूध घालत ते आटेपर्यंत हलवत राहायचं. अमेरिकेच्या दक्षिणेत मका हेच मुख्य अन्न असलेले गरीब लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्राने, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या तुटीतून होणाऱ्या रोगाने, हजारोंनी आजारी पडत होते. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी अनाथालयांतल्या मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय धान्य वाढवलं, तसा रोग हटला. मक्यातलं नायसिन शरीराला सहजी मिळत नाही, ती तूट दुधाच्या प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन भरून काढतं, कारण शरीर त्यापासून नायसिन बनवतं. मालव्यातल्या बायकांनी पेलाग्राचा विचार करून दूध घातलं नसणार, चवीलाच घातलं. पण धान्याला प्राणिज पदार्थाची छोटी जोड देण्याची रीत अशीच असते, आणि माझ्या मते साऱ्या परंपरेचं मर्म या छोट्या प्रमाणात आहे.

ती जोड का लागते, हे नंतर कळत गेलं. मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी १९२६ मध्ये घातक पंडुरोगावर (जिवावर बेतणाऱ्या रक्तक्षयावर) कलेजीचा आहार दिला आणि रोगी वाचले; नोबेल १९३४चं. इंग्रज डॉक्टर लुसी विल्स मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा शोध घेत होत्या. कुन्नूरलाही त्यांनी काम केलं. त्या बायकांना कलेजीने गुण आला, तसाच यीस्टच्या स्वस्त अर्कानेही आला. त्यातून फोलेट या जीवनसत्त्वाचा माग लागला. कलेजीतला दुसरा घटक, बी-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली वेगळा झाला. तो गाय किंवा बकरी स्वतः बनवत नाही, जिवाणू बनवतात. जनावराच्या पोटातून तो दुधा-मांसात येतो. चहापुरत्या दुधावर राहणाऱ्या शाकाहारी माणसाची इथेच पंचाईत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून आसपासच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं. इंदूरच्या मराठी शाकाहारी घरांनी यातून तपासणीचा धडा घ्यावा. बाटलीभर तुपाने ही तूट भरत नाही, कारण तुपात बी-१२ जवळपास नसतंच. आणि कच्च्या दुधाचं फॅड तर नकोच. ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार) आणि क्षय कच्च्या दुधातून येतात, म्हणूनच आपल्याकडे दूध तापवायची रीत आहे.

मधल्या काळात मालव्याचं ताट बदललं ते वेगळ्याच कारणांनी. १९३७ साली डालडा आला. ज्वारीची भाकरी मागे पडून गहू वाढला. मग सोयाबीन आलं, आणि १९८७ पासून त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच आहे. तेल आपल्या शेव-कचोरीला, प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला.

अंड्यांची कथा राजकारणात अडकली. २०१५ साली मध्य प्रदेशातल्या आलिराजपूर, मंडला आणि होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) या आदिवासीबहुल जिल्ह्यांच्या अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव आला होता. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो फेटाळला. दूध-केळी चालतील, अंडी नाहीत. ज्या भिल्ल मुलांच्या घरी कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्यासाठी हा निर्णय भोपाळला झाला. आलिराजपूरला लागून असलेल्या झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.