बांधबंदिस्ती

पावसाचे पाणी माती घेऊन जाऊ नये आणि जास्तीचे पाणी नेमक्या वाटेने शेताबाहेर पडावे, म्हणून उताराला आडवे बांध घालण्याची पद्धत. पश्चिम महाराष्ट्रात ताल, विदर्भात धुरा, कोकणच्या भातखाचरांत मेर हे शब्द रूढ आहेत. त्यांतील धुरा व मेर हद्दीच्या बांधालाही म्हणतात, त्यामुळे जुन्या कागदांत कोणता बांध अभिप्रेत आहे ते संदर्भावरूनच ठरवावे लागते.

उगमाविषयी दोन मते आहेत. एका मताने ही गावकऱ्यांची परंपरागत रीत. दुसऱ्या मताने ती दुष्काळी कामे आणि सोलापूर येथे 1933 च्या सुमारास सुरू झालेले कोरडवाहू शेतीचे संशोधन यांतून आली. ओघळीत रचलेल्या दगडी ताली बहुधा बऱ्याच जुन्या असाव्यात. परंतु गटाच्या हद्दी बाजूला ठेवून सबंध पाणलोटावर समपातळी रेषेने (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेने) बांध घालण्याची कल्पना याच काळातली मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, 1942 ने तिला कायद्याचे रूप दिले.

आखणी : दोन बांधांतील उभे अंतर (सेंमी.) काढण्यासाठी उताराच्या टक्केवारीची दहापट करून त्यात 60 मिळवण्याचे सूत्र कमी पावसाच्या भागात वापरतात. 3 टक्के उतारावर ते 90 सेंमी. येते, म्हणजे जमिनीवर सुमारे 30 मी. हलक्या व मध्यम जमिनीत समपातळी बांध चालतो. भारी काळ्या जमिनीत मात्र तो घातक ठरतो. तेथे पाणी जिरण्याचा वेग मंद. बांधालगत पाणी दिवसेंदिवस साचते, खरीप सडतो, रब्बीची पेरणी लांबते आणि पट्टा चिबड (पाणथळ, नापीक) होतो. शिवाय उन्हाळ्यात बांध भेगाळतो. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी भेगेत शिरते, आतल्या आत माती धुपून नळीसारखी वाट तयार होते आणि पाणी माथ्यावरून जाण्याआधीच बांध फुटतो. म्हणून अशा जमिनीत ढाळीचे, म्हणजे एका बाजूला किंचित उतार दिलेले, बांध घालतात. ढाळ 0.2 टक्के धरल्यास दर 10 मी.ला पुढची खुंटी 2 सेंमी. खाली येते. नजरेचा अंदाज येथे चालत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घ्यावी.

बांधणी : बांधाच्या तळाची जागा नांगरून घेतात, गवत व धसकटे आत राहिली तर ती कुजून पोकळी होते. माती वरच्या अंगाने, बांधाच्या पायथ्यापासून थोडी जागा सोडून, उथळ खणून घ्यावी. थर चोपून बसवले तरी बांध खचतोच, म्हणून उंची पाचवा ते चौथा हिस्सा जास्त ठेवतात. सपाटीकरण करायचे असल्यास वरची सुपीक माती आधी बाजूला काढून शेवटी परत पसरावी. यंत्राने घाईत काम उरकले की ती भरावात गाडली जाते, आणि उघड्या पडलेल्या मुरमावर पुढील काही हंगाम पीक उभे राहत नाही.

सांडवा, म्हणजे जास्तीचे पाणी बांधाबाहेर सोडणारी वाट, हा या रचनेचा कळीचा भाग. पाणी तेथे एकवटून जोराने पडते, म्हणून खालच्या अंगालाही दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) लागते. नाहीतर खड्डा पडून तो मागे सरकत बांध खातो. सांडव्याचे पाणी गवताळ ओघळीत सोडावे, शेजाऱ्याच्या नांगरटीत कधीही नाही.

नियम : वरच्या जमिनीवर पडलेले व निश्चित प्रवाहात नसलेले पाणी स्वाभाविकपणे खालच्या जमिनीवर जाऊ दिले पाहिजे, असे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 7 मधील एक उदाहरण सांगते, मुंबई इलाख्यात हा अधिनियम 1891 मध्ये लागू झाला. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 नुसार तहसीलदार शेतातील पृष्ठजलाच्या नैसर्गिक वाहण्यात आणलेला बेकायदा अडथळा काढायला लावू शकतो, मात्र त्याने जमिनीचे वा पिकाचे नुकसान होत असले किंवा होण्याचा संभव असला पाहिजे. दोन्हीकडे भर ‘नैसर्गिक’ या शब्दावर आहे. चर खणून किंवा पाइप टाकून एकवटलेले पाणी त्यात सहज बसत नाही, आणि सांडव्यावरचे बहुतेक तंटे याच मुद्द्यावर अडतात.

मामलेदार न्यायालयातील दाव्याची मुदत कारण घडल्यापासून सहा महिने. पाणी तुंबलेले असतानाच स्थळपाहणी व पंचनामा करून घेणे महत्त्वाचे, कारण रब्बीच्या नांगरटीनंतर मूळ उतार दाखवणे कठीण होते. आदेशावर अपील नाही. जिल्हाधिकाऱ्याकडे फेरतपासणी मागता येते.